कासवराजाचा तांडेल

जनीला कुणी विचारलं, "कशी हायस गो?" तर ती म्हणायची, "हाय." एवढंच. बरी की वाईट, ते विचारणाऱ्यानं आपल्या मनानं जोडून घ्यावं. काशीदच्या अलीकडच्या त्या लहानशा कोळीवाड्यात एके काळी हीच जनी बोलायला लागली की बायका कानांवर हात ठेवायच्या. मासळीच्या वाटणीवरून तिच्याशी भांडायची कुणाची छाती नव्हती. आता त्याच बायका म्हणायच्या, "बोल की गो कायतरी, असं काय दगडावानी बसायचं!" लोकांना काही म्हणजे काही चालत नाही. बोललं तर तोंडाळ आणि गप्प बसलं तर दगड.

तर ही दगडासारखी जनी पहाटे उठायची, वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या उंच मांडणीवर, बोंबील वाळत घालायची, ऊन चढलं की ते उलटून घालायची, आणि वाळलेल्या मालाची पाटी डोक्यावर घेऊन आतल्या शेतकऱ्यांच्या गावांत जायची. सुकी मासळी द्यायची, भात घ्यायचं, घरी यायचं. घरात ती आणि तिची सासू बायजा, दोघीच. दीर दादू शेजारच्या खोपटात वेगळा राहायचा. मूलबाळ झालं नव्हतं. सासूसुनांचं भांडण म्हणून नव्हतं, उलट भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान घरात आवाज तरी झाला असता. बायजा दिवसातून एकदा एकच गोष्ट बोलायची. "जने, व्हय म्हण गो. माझ्या पोराला पाणी मिळत न्हाय." जनी ऐकून घ्यायची आणि चुलीत लाकूड सारायची.

पोरगा म्हणजे जनीचा नवरा हिरामण. एकोणतीस सालच्या कार्तिकात त्याची होडी वादळात सापडली. होडी उलटी होऊन श्रीवर्धनच्या बाजूला लागली. बरोबरच्या दोन खलाशांची प्रेतं तिसऱ्या दिवशी सापडली. हिरामण सापडला नाही. मग काय, जितकी तोंडं तितक्या बातम्या. कुणी म्हणालं त्याला आगबोटीनं उचलला, कुणी म्हणालं कराचीला दिसला. वर्ष गेलं, दुसरं गेलं. जातीच्या पंचांनी सांगितलं, आता गवताचा पुतळा करून त्याला अग्नी द्या, दहावं-बारावं करा, म्हणजे जीव सुटेल. पण बायकोनं आपल्या तोंडानं 'तो गेला' असं म्हटल्याशिवाय पुतळा बांधायचा नाही, कुंकू पुसायचं नाही, अशी पंचांची रीत. आणि जनी म्हणेना. हो म्हणेना, नाही म्हणेना.

वाड्याला वाटायचं, बिचारी आशा लावून बसली आहे. कसली आशा! जनीला आशाबिशा काही नव्हती. ज्या वाऱ्यात दोन जवान खलाशी गेले त्या वाऱ्यात तिसरा कुठून वाचणार, हे कोळ्याच्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. तिचं अडलं होतं ते दुसरीकडेच. 'तो गेला' म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप यायचं. मी घालवला. ते पहिलं वाक्य तोंडाबाहेर काढलं की दुसरं गिळता आलं नसतं, म्हणून तिनं दोन्ही गिळून ठेवली होती. आणि गिळल्यापासून तिला काही वाटेनासं झालं होतं. भूक नाही, रडू नाही, रागही नाही. पायात काटा मोडला तर रक्त बघून कळायचं.

हे 'मी घालवला' कुठून आलं, ते सांगायला हवं. या किनाऱ्यावरच्या कोळणींची एक रीत आहे. लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या उतरवून दर्याला देतात. मग जन्मभर चुडा डाव्या हातात, उजवा हात मोकळा. दर्याला सांगायचं, बाबा, या हातातलं तुला दिलं, माझा माणूस मला ठेव. एकदा दिलं ते दिलं. उजव्या हातात पुन्हा बांगडी चढवणं म्हणजे दिलेलं दान परत मागणं. अशी आगळीक कुठली कोळीण करत नाही. जनीनं केली. तीही कुणासाठी, तर मुंबईच्या एका फिलम कंपनीसाठी!

झालं होतं ते असं. त्या साली दिवाळी सरल्यावर मुंबईहून फोटोवाले आले. तिपाईवरचं यंत्र, उन्हाला उलटं फिरवायचे चकचकीत पत्रे, खुर्च्या, छत्र्या आणि डोक्यावर टोपी घातलेला एक डायरेक्टर. त्यांना दर्याकाठचा एक खेळ उतरवायचा होता. गोष्ट कुठली, तर आपल्याच म्हाताऱ्या सांगतात ती, कासवराजाची. राजाचा मुलगा शापानं कासव होतो. कोळ्याची पोर त्याला जाळ्यातून सोडवून घरी नेते. अंधार पडला की तो पाठीवरचं कवच उतरवतो आणि माणूस होतो. तिला हे कळतं तेव्हा ती ते कवच चुलीत घालते, आणि तो दर्यात नाहीसा होतो. मग ती किनाऱ्यावर उभी राहून हाका मारते, आणि शेवटी दर्याला दया येऊन तो तिचा राजा परत आणून देतो. पोराटोरांना पाठ असलेली गोष्ट.

पण डायरेक्टर साहेब पडले शिकलेले. ते म्हणाले, आजच्या काळात शाप कोण मानतो? त्यांनी काय केलं, कासवच काढून टाकलं! त्यांचा राजपुत्र विलायतेहून आलेला बॅरिस्टर. मान ताठ, अंगात जाडजूड कोट, बुडाखाली मोटार. साहेबांच्या मते त्याचा तोरा हेच कवच. कोळ्याची पोर चुलीत घालते तो त्याचा कोट. मग हा रुसून आगबोटीत बसतो, आगबोट बुडते, आणि एक तांडेल त्याला आपल्या होडीतून तिच्याकडे आणून सोडतो. हे ऐकून वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावला. "कोट जाळला म्हणून नवरा पळाला? मग तो नवरा कसला गो, शिंपीच!"

होडी हवी होती, ती हिरामणची ठरली. सुकाणूवर तांडेल हवा होता, तोही हिरामणच. आणि ऐन वेळी नटी बसली रुसून. लाट कमरेला लागली की ती किंचाळायची. डायरेक्टरनं कपाळाला हात लावला. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, पाठमोरी तर उभी करायची आहे, इथलीच एखादी उंच बाई नेसवून उभी केली तर कोण ओळखणार आहे? जनी उंच होती, आणि लाट तिला काय नवी होती! ती तयार झाली, हसत हसत तयार झाली. आणि मग त्यांच्या माणसानं हिरव्या बांगड्यांची चळत पुढे केली. दोन्ही हातांत भरा म्हणाला. मुंबईला आधी उतरवलेल्या चित्रांत नटीचे दोन्ही हात भरलेले होते, आता एक रिकामा दिसला तर लोक हसतील.

जनीनं हात मागे घेतला. "न्हाय. उजव्यात न्हाय." साहेब समजावून थकले. सगळा वाडा बघत होता, ऊन उतरत चाललं होतं. शेवटी हिरामण होडीतून खाली उतरला, गुडघाभर पाण्यातून चालत आला आणि त्यानं तिचा उजवा हात धरला. "अगं, खोटं खोटं हाय गो. दर्या काय आंधळा हाय? त्याला कळतंय, खरं काय नि सोंग काय." त्यानं स्वतः एकेक बांगडी चढवली. हात दाबून, हळूहळू, कासाराला जमणार नाही इतक्या जपून. सगळ्यांदेखत नवरा असा हात धरतो म्हणून जनी लाजली, आणि लाजेच्या भरात तिनं बांगड्या भरून घेतल्या. मग पाण्यात उभी राहून तिनं उजवा हात वर केला, होडी आली, यंत्र घरघरलं आणि काम संपलं. आठव्या दिवशी वादळ आलं.

आता कुणी म्हणेल, वादळ काय बांगड्या बघून येतं? म्हणणाऱ्यानं खुशाल म्हणावं. वाड्यातल्या बायका तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण विहिरीवर जनी आली की बोलणं मधेच थांबायचं. तेवढं पुरे असतं. आणि बायजा, जिचा मुलगा गेला, तिनं बांगड्यांचा शब्दसुद्धा कधी काढला नाही. जनीला वाटायचं, हिनं एकदा मला बडवावं, केस ओढावेत, पण बोलावं. बायजा नुसती म्हणायची, "व्हय म्हण गो."

तीन वर्षं अशीच गेली. दुसऱ्या वर्षी जनीच्या ध्यानात आलं की तिला हिरामणचा चेहरा आठवत नाही. पाठ आठवायची, मानेवरचे केस आठवायचे, एक कान आठवायचा. तोंड समोर आणायला गेलं की दुसऱ्याच कुणाचं यायचं, दादूचं नाहीतर बापाचं. फोटो कधी काढलेला नव्हता. यानं खरं तर काळीज तुटायला हवं. ते तुटलं नाही. तिनं नुसतं मनाशी म्हटलं, हेही गेलं, आणि पाटी उचलली.

तेहतीस सालच्या माघात ती नांदगावला सुकी मासळी घेऊन गेली होती. तिथं गणपतीची जत्रा भरलेली. मैदानात मोठा तंबू उभा राहिला होता आणि दारावर रंगवलेला फळा. फळ्यावर मोटारीत बसलेलं कासव, डोळ्याला चष्मा! ढोलकं बडवत एक माणूस ओरडत होता, "कासवराजाचा खेळ! पाच दिवस, पाचच दिवस! कोळ्याच्या पोरीनं कोट कसा जाळला, या आणि डोळ्यांनी बघा!" मुंबईत तेव्हा बोलके खेळ सुरू झाले होते आणि मुक्या खेळांना तिथं कुणी विचारेना, म्हणून ते झिजून झिजून इकडे आले होते. फिलमवाल्यांनी चित्रात कासव ठेवलं नाही, पण तंबूवाल्याला ठाऊक होतं की लोक कासवासाठीच येतात. जनी फळ्यासमोर पाटी घेऊन उभी राहिली. घरच्या वाटेला तिचे पाय वळेनात, तेव्हा ती आत गेली.

बायकांची बाजू कनात लावून वेगळी केली होती. पडद्याशेजारी पेटी-तबलेवाले आणि एक मास्तर. पडद्यावर माणसं नुसते ओठ हलवायची आणि मास्तर सगळ्यांचं बोलायचा, पोरीचं बारीक आवाजात, बॅरिस्टरचं घसा खाकरून. कोट जळाला तेव्हा तंबूभर शिट्ट्या झाल्या. मग दर्या आला. पाण्यात एक उंच बाई पाठमोरी उभी होती. तिनं उजवा हात वर केला, हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेला. जनीला वाटलं, ही कोण? आणि मग पलीकडून होडी आली, शिडाला ठिगळ असलेली. पुढे नाटकी चेहऱ्याचा बॅरिस्टर, आणि मागे सुकाणूवर हिरामण.

मास्तरनं "सखे, दर्यानं मला तुझ्यासाठी सोडलं!" एवढं म्हणेपर्यंत तो दिसला. मग नटीचं तोंड आलं, मिठी आली, लग्न लागलं, खेळ संपला. एवढ्या अंतरावरून, एवढ्या घाईत, तिला तो हिरामण आहे एवढंच कळलं. तोंड नीट दिसलं नाही. जनीनं वाट पाहिली, आता छातीत काहीतरी होईल. झालं नाही. ती घरी गेली, भात शिजवला, सासूला वाढला, स्वतः जेवली. "एवढा उशीर का गो?" बायजानं विचारलं. जनी म्हणाली, "जत्रा हाय."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तोंड बघायचंच, या हट्टानं. तीन वर्षांत तिला हवंसं वाटलेली ही पहिली गोष्ट. दर्या आला, हात वर झाला, होडी निघाली आणि फट्कन पडदा पांढरा झाला. फिलम तुटली. लोकांनी आरडाओरडा केला, थोड्या वेळानं खेळ पुढे सुरू झाला तेव्हा बॅरिस्टर वाळूत उतरला होता. तिसऱ्या दिवशी होडी दिसली खरी, पण पहिल्या दिवसापेक्षा थोडीच. मास्तरचं 'सखे' संपायच्या आत ती लागलीसुद्धा. जनीनं इकडे तिकडे बघितलं. बाकी कुणाला काही फरक वाटल्याचं दिसलं नाही. लोक बॅरिस्टरला बघत होते.

खेळ सुटल्यावर ती तंबूच्या मागे गेली. तिथं यंत्र चालवणारा बाबाजी नावाचा माणूस डबे भरत होता. हातानं फिरवायचं यंत्र, त्यामुळे त्याचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला होता. जनीनं आडवळणं घेतली नाहीत. "तू होडी रोज थोडी थोडी चोरतोस."

बाबाजी आधी चिडला. मग त्यानं तिला पट्टी उजेडाला धरून दाखवली. कडेची भोकं फाटलेली. "बाई, तीन वर्षं हजार वेळा फिरलीय ही. हीच जागा कमजोर आहे. तुटते, मी फाटलेलं कापतो, जोडतो. दर खेपेला बोटभर जातं."

"कापलेलं कुठं हाय?"

"जाळून टाकतो. ठेवलं तर केव्हा पेट घेईल नेम नाही, अख्खा तंबू जाईल."

जनीनं त्या फाटलेल्या भोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तो मागचा तांडेल माझा घरवाला हाय. ती होडी गेली. तो पण आला न्हाय. मना त्याचं तोंड आठवत न्हाय." हे सगळं तिनं बोंबलाचा भाव सांगावा तसं सांगितलं. रडली असती तर बाबाजीनं दोन शब्द समजुतीचे बोलून वाटेला लावलं असतं. पण या सपाट आवाजानं त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. तो म्हणाला, "उद्या पुढे येऊन बसा. ती जागा आली की मी हात हळू करीन. जमेल तेवढा हळू."

चौथ्या दिवशी त्यानं शब्द पाळला. पाण्यातल्या बाईनं हात वर केला आणि तो हात वर जाता जाईना. लाटा जागच्या जागी जड झाल्या. मास्तर गोंधळला, त्यानं 'सखे' लांबवत लांबवत नेलं. होडी हळूहळू पुढे आली, आणि सुकाणूवरचा हिरामण मोठा झाला, जवळ आला, सरळ तिच्याकडे बघू लागला. तो हसत होता. पुढचा दात किंचित वाकडा. अरे, दात वाकडा होता की याचा! हे कसं विसरलो आपण? आणि तो त्या वर केलेल्या हाताकडे बघत होता. तिच्या उजव्या हाताकडे, आपणच भरलेल्या बांगड्यांकडे, आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

त्या दिवशी जनी सहा मैल चालत घरी गेली ती धापा टाकत. तिला रडू आलं नव्हतं, पण घाई झाली होती, आणि घाई होणं म्हणजे काय तेही ती विसरली होती. बायजा पडवीत सुकट निवडत होती. जनी तिच्यासमोर फतकल मारून बसली. "आये, उद्या माझ्यासंगं चल. तुझा पोरगा बगायला चल."

बायजाच्या हातातलं सूप खाली पडलं. मग जनीनं सगळं सांगितलं, तंबू, पडदा, होडी, वाकडा दात. बायजा म्हणाली, "असलं मेल्या माणसाचं सोंग मी बगायची न्हाय." मग म्हणाली, "हसतोय?" जनी म्हणाली, "हसतोय." म्हातारीनं बराच वेळ सुकट चिवडली आणि शेवटी विचारलं, "किती चालायचं हाय?"

इकडे तंबूत काय झालं होतं, ते या दोघींना कुठून कळावं! यंत्रातला दिवा असतो जळजळीत. पट्टी भरभर सरकत असते म्हणून वाचते. बाबाजीनं दयेपोटी हात हळू केला आणि तेवढीच जागा दिव्यासमोर जास्त वेळ राहिली. पेटली नाही हे नशीब. पण गुंडाळी सोडून बघतो तर होडीचा सगळा तुकडा आकसून, फोड येऊन, काळपट झाला होता. तो यंत्रात परत घालणं म्हणजे तंबूला आग लावणं. त्यानं दोन्ही बाजूंनी कातर चालवली. उद्या त्या बाईला दारातच गाठून सांगायचं, असं त्यानं ठरवलं. माणूस वाईट नव्हता. पण पाचव्या दिवशी जत्रेचा शेवट, दारावर ही गर्दी, आणि हा यंत्रापाशी अडकलेला.

बायजानं पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढलं होतं. वाटेत तीन वेळा बसली, तीन वेळा उठली. सगळी वाट ती हिरामणबद्दल बोलली, लहानपणी किती रडवायचा, पोहायला कसा शिकला. तीन वर्षांत एवढं बोलली नव्हती. आणि जनी ऐकत होती. एकदा तर म्हणाली, "व्हय आये, वलांडीवर चढून बसायचा तो मोठेपणी पण." बायजा हसली. माणसाला किती थोडं पुरतं बघा.

दोघी अगदी पुढे बसल्या. बायजाला कोट, मोटार, आगबोट यातलं काही समजलं नाही आणि समजून घ्यायचंही नव्हतं. ती दर दोन मिनिटांनी विचारायची, "आला?" जनी म्हणायची, "येल." आगबोट बुडाली. पेटीवाल्यानं सूर खाली आणला. जनीनं सासूचा हात घट्ट धरला. "आता बग. ती बाय हाय ना, ती मी. आता हात वर करंल. मग होडी."

पाण्यातल्या बाईनं हात वर केला. आणि बॅरिस्टर वाळूत उभा होता.

होडी नाही, शीड नाही, सुकाणू नाही. दर्यातून माणूस आला कसा, कुणी आणला, काही नाही. मास्तरनं ठरल्यासारखं "सखे, दर्यानं मला तुझ्यासाठी सोडलं!" म्हटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या तंबूत एकानंही विचारलं नाही की तांडेल कुठं गेला. राजा मिळाला, झालं. लग्नाची तयारी सुरू झाली, पडद्यावर फुलं पडायला लागली.

बायजा पडद्याकडे डोळे फाडून बघत होती. "कुठं हाय गो? कुठं हाय माझा हिरामण? मना दिसला न्हाय. जने, डोळं माझं बारीक झालं का गो?"

जनीनं पडद्याकडे बघितलं, मग म्हातारीकडे. त्या ठेवणीतल्या लुगड्याकडे, पुढे काढलेल्या मानेकडे. थांब, येईल, असं म्हणता आलं असतं. तीन वर्षं ती न बोलता हेच म्हणत आली होती, आणि त्यावर ही म्हातारी रोज अशीच मान पुढे काढून बसली होती. हे तिला आत्ता दिसलं. आपण काय केलं हे तिला कळलं.

"न्हाय आये," ती म्हणाली. "तो न्हाय." मागून कुणीतरी गप्प बसा म्हणून ओरडलं. जनीनं आवाज मोठा केला. "तो गेला, आये. हिरामण गेला." नवऱ्याचं नाव तिनं जन्मात पहिल्यांदा घेतलं, आणि लगेच ते दुसरं वाक्यही आलंच. "मी घालवला. या हातात बांगड्या..."

बायजानं तिच्या तोंडावर हात ठेवला. सुकटीचा वास असलेला खरखरीत हात. "गप. त्यानं भरल्या ना? तो मना सांगून गेलता गो. घरी आला नि हसत सांगितलंन, आये, तुझ्या सुनेला आज सगळ्यांम्होरं लाजवली. लई खूष व्हता." म्हातारीनं हात खाली घेतला. "मी बोलले न्हाय. मना वाटलं, ते काढलं तर तुला आणखी लागंल."

लग्न लागलं, मास्तरनं मंगलाष्टकं म्हटली, खेळ संपला. लोक उठले, धूळ उडाली. सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून म्हातारी रडत होती, आणि जनी तिच्या पाठीवर वाकून मोठमोठ्यानं, सूर काढून, नाक-डोळे एक करून रडत होती. जाणाऱ्या बायका म्हणाल्या, बघा, शेवट गोड झाला तरी रडतात. बाबाजी यंत्र सोडून धावत आला होता, तो हात जोडून नुसता बाजूला उभा राहिला. बऱ्याच वेळानं बायजानं नाक पुसलं आणि म्हणाली, "चल उठ. दादूला सांगून उद्या पुतळ्याला गवत कापून आणायला लावू."